तात्यांचं खाकरणं

आमच्या दुकानाची पायरी चढता चढता लोक आजही विचारतात, "आक्का, कॅसेट झाली का?" कॅसेट जाऊन जमाना लोटला. मग सीडी आली आणि गेली, पेनड्राइव्ह आला आणि तोही आता निघायच्या तयारीत आहे. पण सोलापुरात लग्न झालं की अजून 'कॅसेट'च होते. आणि ती करण्याच्या कामाला आमच्याकडे एडिटिंग म्हणत नाहीत, मिक्सिंग म्हणतात. मी मिक्सिंगवाली पद्माक्का. पूर्व भागात घराच्या पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, एक पंखा आणि देवीचा फोटो, एवढं माझं दुकान. आमचे नान्ना, म्हणजे वडील, चादरी विणायच्या मागावर कामाला होते आणि आई विड्या वळायची. मला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं तेव्हा गल्लीतले म्हणाले, पोरीला कशाला हे? नान्ना म्हणाले, "मागावर उभी राहण्यापेक्षा पंख्याखाली बसेल." त्या एका वाक्याच्या जिवावर मी आजवर जेवते आहे.

बाहेरच्यांना वाटतं, मिक्सिंग म्हणजे गाणी टाकायची आणि नवरानवरीवर फुलं उडवायची. ते सगळं शेवटी. आधी असतं ते निवडणं-पाखडणं. एका लग्नाचं शूटिंग आता एका माणसाकडून येत नाही. कॅमेरामनच्या कार्डात एका जातीच्या फायली, ड्रोनच्या दुसऱ्याच, नवरदेवाच्या मित्राच्या महागड्या फोनमधल्या तिसऱ्या, आणि मामांनी फोन उभा धरून काढलेल्या चौथ्या. फाइल म्हणजे स्वयंपाकघरातला डबा समजा. वर चिठ्ठी 'साखर' अशी असते, पण आत मीठ की साबुदाणा हे झाकण काढल्याशिवाय कळत नाही. काही डब्यांची झाकणं तर माझ्या कॉम्प्युटरला उघडतच नाहीत. मग आधी सगळ्यांचं सामान एकसारख्या डब्यांत भरून घ्यायचं. त्यात फोनची आणखी एक खोड असते. कॅमेरा दर सेकंदाला ठरावीक चित्रं घेतो, फोन मात्र उजेड बघून, बॅटरी बघून, मनाला येईल तशी घेतो. परिणामी सुरुवातीला ओठ आणि आवाज बरोबर चालतात आणि थोड्या वेळाने भटजींचे ओठ मिटले तरी मंत्र चालूच राहतात.

गिऱ्हाइकंही एकेक. माळशिरसच्या एका गृहस्थांनी मंगलाष्टकं चालू असताना मधेच फोन फिरवला होता. निम्मं लग्न उभं, निम्मं आडवं पडलेलं. मी म्हटलं, काका, हे टीव्हीवर कसं दिसेल? ते म्हणाले, "मग टीव्हीच उभा करायचा की!" अक्कलकोटकडच्या एक मावशी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि दर थोड्या वेळाने सांगत राहिल्या, "मदवी पुरे, ऊटा दाखवा." लग्न पुरे, जेवण दाखवा. पंगतीत त्यांच्या हातची शेंगापोळी होती, आणि ती कोणी कोणी मागून घेतली हे त्यांना जाऊबाईंना दाखवायचं होतं. मी दाखवलं. अशी माणसं भेटतात म्हणून तर हे काम करवतं.

नान्ना म्हणायचे, धागा तुटणारच. गाठ मारायची, पण ती मागच्या बाजूला गेली पाहिजे. आमच्या धंद्याचंही तेच आहे. दहा जणांच्या दहा तऱ्हा जोडायच्या आणि जोड कुणाला दिसू द्यायचा नाही. माझा जोड दिसत नाही, हा माझा अभिमान होता. तो एका नावाड्याने उतरवला, त्याची ही हकीकत.

नवरात्र नुकतंच संपलं होतं. उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या गावात शूटिंग करणारा महेश दुकानात आला तो तोंड पाडूनच. बरोबर खाकी कपड्यांतल्या एक बाई. महेश म्हणाला, "आक्का, आईनं पूजा केली."

"मग चांगलंच की," मी म्हटलं.

"कार्डांची केली."

खंडेनवमीला त्याच्या आईने घरातली हत्यारं पूजेला काढली होती. कोयता, खुरपं, पाना धुऊन पुसून पाटावर मांडला. मग तिला वाटलं, पोराच्या पोटापाण्याची हत्यारं तर बॅगेतच राहिली. कॅमेरा तिने नुसता फडक्याने पुसला. पण कार्डं लहान, हातात मावणारी. ती तिने दुधापाण्याने धुतली, हळदकुंकू लावलं आणि ओळीने मांडून वर झेंडूचं फूल ठेवलं. महेशने वरवर पुसून ती मशीनला लावली आणि सगळी एका दमात गेली. पुण्याच्या दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. आईला विचारलं तर ती म्हणाली, "हत्याराला पानी न दावता पूजा कशी हुईल रं?" मला हसावं की रडावं कळेना. आमच्याही कॉम्प्युटरला दर दसऱ्याला कुंकू लागतं, पाणी तेवढं आम्ही लांब ठेवतो.

खाकी कपड्यांतल्या बाई म्हणजे शोभा. एसटीत कंडक्टर, आवाज खणखणीत. तिच्या वडिलांचा, मारुतीतात्यांचा, नवरात्रात गावाने सत्कार केला होता. तात्यांनी उभा जन्म त्या पाण्यावर होडी चालवली, गावची पोरं पलीकडच्या शाळेत नेली-आणली. आता गुडघे गेले म्हणून होडी थांबवली. दिवाळी झाली की शोभा त्यांना सोलापुरात आपल्याकडे आणणार होती. त्या सत्काराचं शूटिंग पूजेत गेलं होतं.

"हारतुऱ्यांचं जाऊ द्या वो आक्का," शोभा म्हणाली. "मला त्यांचं बोलणं पायजे. तेवढं एकच वाक्य."

मग तिने सगळं सांगितलं. तात्यांना एक धाकटा भाऊ, हरिबा. दोघे वडिलांच्या लाकडी होडीवर काम करत. हरिबा एकदा सासुरवाडीला गेले असताना तात्यांनी ती होडी विकली आणि इंजिनाची आणली. हरिबा परत आले तर वडिलांची होडी नाही. ते एक शब्द बोलले नाहीत. बायकोला घेऊन पलीकडच्या काठावर राहायला गेले आणि तिथून स्वतःची होडी सुरू केली. तेव्हापासून तात्या इकडची माणसं तिकडे नेणार, हरिबा तिकडची इकडे आणणार, पण एकमेकांच्या घाटाला कुणी होडी लावणार नाही. अलीकडे बाभळी आहेत, तिथे हरिबा माणसं उतरवणार. पलीकडे तात्यांचंही तसंच. दोघा भावांच्या अबोल्यापायी दोन्ही गावं चिखल तुडवायची. कुणाची बोलायची छाती नव्हती, कारण होड्या दोघांच्याच.

आणि सत्काराला उत्तर देताना तात्या भर सभेत म्हणाले की होडी विकली ती माझी चूक.

लोकांनी दुसऱ्याच दिवशी पलीकडे जाऊन हरिबांना सांगितलं. हरिबा म्हणाले, "सूर्य मावळतीला उगवंल, पर दादा चूक म्हननार न्हाय. दावा मला." शोभाने वडिलांना विनवलं, तुम्हीच एकदा फोनवर सांगा. तात्या म्हणाले, "गावापुढं एकदा बोललो. पुना पुना बोलाया म्या काय रेडिओ हाय?" म्हणजे एक जण बघितल्याशिवाय मानणार नाही आणि दुसरा परत बोलणार नाही. दिवाळीनंतर तात्या सोलापूरला गेले की दोन काठ कायमचे तुटले.

मी म्हटलं, सत्काराला फोन घेऊन माणसं आली असतील ना? त्यांचं गोळा करू. शोभाने ग्रुपवर मागवलं, पण ग्रुपवरून आलेला व्हिडिओ म्हणजे पिळून काढलेला ऊस, चित्राचा आणि आवाजाचा रस वाटेतच गेलेला. शेवटी मीच लॅपटॉप आणि वायरींची पिशवी घेऊन गावात गेले. तात्यांच्या ओसरीवर शोभाबरोबर बसले. ज्याचा फोन त्याच्या हातात, माझी फक्त वायर. माणसं येत गेली. कुणाच्या फोनची काच तडकलेली, कुणाच्या फोनला केळीचा चीक. आणि सगळ्यांनी एकच शूट केलेलं: सरपंचांचा फेटा, आपापल्या पोराचा नाच आणि जेवणाची पंगत. तात्या बोलायला उभे राहिले तेव्हा निम्मं गाव जेवायला पळालं होतं.

तरी तुकडे मिळाले. ते सगळे एका रेषेत लावायचे कसे? सिनेमावाले त्यासाठी पाटी आपटतात. आमच्याकडे नारळ फोडतात. सत्काराच्या आधी नारळ फुटला तो 'ठक्' आवाज जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये होता. नारळाला नारळ जुळवला की सगळ्या फायली शेजारी शेजारी उभ्या राहतात. ज्यांच्यात नारळ नव्हता त्यांच्यासाठी फटाक्यांची माळ होती. देवाला वाढवलेल्या नारळाने माझी जेवढी कामं केली आहेत तेवढी कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरने केलेली नाहीत.

पण पूर्ण वाक्य एकाही फोनमध्ये ऐकू येत नव्हतं. एकात तात्यांचा चेहरा स्वच्छ, पण शेजारी हलगी. दुसऱ्यात नुसता वारा. मी हताश होऊन वायरी गुंडाळायला लागले तेव्हा शोभाने इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःच्या फोनमधला एक व्हिडिओ पुढे केला. हरिबांच्या बायकोने, सिंधूकाकींनी काढलेला. बहिणीकडे माढ्याला जाते असं नवऱ्याला सांगून काकी दिराच्या सत्काराला आल्या होत्या. मांडवाच्या खांबाआड, बरोब्बर कर्ण्याखाली उभ्या होत्या. फोन पदराआड धरलेला, त्यामुळे निम्मं चित्र काळं. पण आवाज लख्ख होता.

तात्यांचा आवाज म्हणत होता, "आमच्या बापाची होडी म्या इकली. हरीला..." इथे तात्या खाकरले. लांबलचक, घसा फाटेल असं खाकरले. त्या थांबण्यात पदराआडून काकींचा हलका आवाज आला, "आता तरी या की वं." मग तात्या म्हणाले, "हरीला इचारलं न्हाय. चूक माजी."

मी ते ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकी कुणाशी बोलत होत्या ते सांगायला नको. तिथे नसलेल्या नवऱ्याशीच.

"पर आक्का," शोभा म्हणाली, "काकीनं अट घातलीय. म्हनली, आवाज तात्यांचा घ्या, माजा न्हाय. ती हितं आलेली काकाला ठावं न्हाय."

मग मी घरी येऊन माझं कसब पणाला लावलं. आवाज काकींच्या फोनमधला, चेहरा दुसऱ्या फोनमधला, मधे टाळ्या वाजवणारी माणसं तिसऱ्यातली. काकींचं बोलणं काढायचं म्हणून ती जागाच कापली, आणि तिच्याबरोबर तात्यांचं खाकरणंही गेलं. वारा काढला, रंग सारखे केले, खाली हलकी सनई ठेवली. ओठ आणि शब्द असे बसवले की मलाच जोड सापडेना. शोभाने बघितलं आणि माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, जिंकलं.

दोन-तीन दिवसांनी तिचा फोन आला. आवाजातला खणखणीतपणा गेला होता. "काका म्हनले, ह्ये जोडलेलं हाय."

"कशावरून?"

"म्हनले, आजकाल मोबाईलवर मेलेला मानूसबी गानं म्हनतो. आन् म्हनले, तोंड दादाचं, आवाज दादाचा, पर बोलनं दादाचं न्हाय. आमचा दादा जड शब्दाआदी खाकरल्याबिगर कवा बोललाय?"

मला राग आला, मग हसू आलं. माझा जोड इतक्या वर्षांत कुणी पकडला नव्हता. या माणसाने तो डोळ्यांनी नाही, भावाला ओळखून पकडला. आणि त्याचं चूक तरी काय होतं? मी जोडलेलंच होतं.

खरा व्हिडिओ दाखवायचा तर काकींचा आवाज दाखवावा लागणार होता. ते मी माझ्या मनाने करणं शक्य नव्हतं. मी शोभाला तसं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात सिंधूकाकी डोळे तपासायला म्हणून सोलापूरला आल्या आणि शोभाबरोबर माझ्या दुकानात येऊन बसल्या. बारीक चणीच्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. मी त्यांच्या कानांना हेडफोन लावला आणि त्यांचाच व्हिडिओ ऐकवला. स्वतःचा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"ह्यो माजा व्हय?" त्या म्हणाल्या. "लई म्हातारा झालाय की." मग त्यांनी परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ऱ्हाऊ द्या त्यो आवाज," त्या म्हणाल्या.

"काकी, घरात वाद झाला तर?"

"वाद काय, कालवनात मीठ कमी पडलं तरी हुतो. म्या दिराच्या सत्काराला गेल्ते, चोरी कराया न्हाय. खोटं बोलून गेल्ते तेवढं वंगाळ. ते बी एकदा निघूनच जाऊ द्या."

मग मी आयुष्यात प्रथमच काही न करता एक काम केलं. जे जसं आलं तसं एकामागे एक लावलं. उभं ते उभं, आडवं ते आडवं, वारा तसाच, हलगी तशीच. शेवटी काकींचा व्हिडिओ, पहिल्यापासून अखेरपर्यंत, निम्मा काळा, कुठेही न कापता. सगळ्या गाठी पुढच्या बाजूला. असला माल दुकानाबाहेर पाठवताना मला लाज वाटत होती. शोभा म्हणाली, तुम्हीच चला, तुम्ही सांगितलं तर पटेल. म्हणून गेले.

आम्ही रस्त्याने वळसा घालून पलीकडच्या काठावर गेलो. हरिबा अंगणात जाळं पसरून त्याची भोकं सांधत बसले होते. मी कोण हे कळल्यावर म्हणाले, "तुमीच का ती जोडनारी बाई?" मी म्हटलं, हो, पण आज जोडलेलं नाही आणलं. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला तर टीव्हीने नेहमीप्रमाणे सांगितलं की ही फाइल चालत नाही. अशा वेळी टीव्हीवर विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून मी लॅपटॉप बरोबर नेलाच होता. तो कॉटवर ठेवला. हरिबा जाळं हातात घेऊनच समोर बसले. काकी चुलीपाशी, पाठ करून.

नारळ फुटला. सरपंचांचा फेटा झाला, पोरांचा नाच झाला. हरिबांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग पडदा निम्मा काळा झाला आणि तात्यांचा आवाज आला. "हरीला..." आणि खाकरणं. हरिबांचे हात थांबले. आणि त्या खाकरण्यात काकींचा आवाज आला, "आता तरी या की वं."

हरिबांनी मान वळवली. "तू हुतीस व्हय तितं?"

"व्हय," काकी म्हणाल्या. पाठ तशीच.

"माढ्याला गेल्तीस न्हवं?"

"न्हाय."

लॅपटॉपमध्ये तात्या म्हणाले, "चूक माजी." टाळ्या वाजल्या आणि व्हिडिओ संपला. हरिबा उठले, जाळं दोरीवर टाकलं आणि बाहेर गेले. एका शहाण्यासुरत्या संसारात मी काडी टाकली, असं वाटलं. शोभाही घाबरली होती. काकी मात्र पदर खोचून पाणी भरायला लागल्या.

थोड्या वेळाने बाहेरून हाक आली. "बाई, तुमास्नी पलीकडं जायचं असंल न्हवं? चला, सोडतो."

आम्ही होडीत बसलो. काकीही काही न विचारता येऊन बसल्या. हरिबा इंजिनापाशी, नजर समोर. काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारींचा आवाज मागे पडला आणि मला महेशच्या आईची आठवण आली. तिने कार्डं धुतली नसती तर काय झालं असतं? महेशचं शूटिंग माझ्याकडे आलं असतं. मी सवयीप्रमाणे भाषणाचा आवाज बारीक करून वर गाणं टाकलं असतं आणि सगळ्यांनी छान झालं म्हटलं असतं. काकींचा आवाज जन्मात कुणी ऐकला नसता. त्या माउलीच्या हळदीचे मी मनापासून आभार मानले, आजही मानते. तिचेच कशाला, मला पंख्याखाली बसवणाऱ्या नान्नांचे, शेंगापोळीवाल्या मावशींचे, टीव्ही उभा करायला सांगणाऱ्या काकांचेही. या सगळ्यांनी आपापल्या घरातले आवाज माझ्या हवाली केले.

अलीकडचा काठ आला. बाभळीपाशी चिखल दिसायला लागला, तशी मी सवयीच्या प्रवाशासारखी चप्पल हातात घेतली. हरिबा म्हणाले, "चप्पल घाला. बसून ऱ्हावा."

बाभळी मागे गेल्या. होडी सरळ तात्यांच्या घाटाकडे निघाली. तात्या रोजच्यासारखे काठावरच्या दगडावर काठी टेकून पाण्याकडे बघत बसले होते. इंजिनाचा आवाज त्यांना ओळखू आला असणार, कारण ते उठून उभे राहिले. हरिबांनी इंजिन बंद केलं आणि दोर फेकला. तात्यांनी काठी टाकून तो झेलला आणि खुंटीला बांधला, जसा त्यांनी जन्मभर बांधला असेल तसा.

दोघे समोरासमोर उभे राहिले. शोभाने माझा दंड धरला होता. मग तात्या खाकरले. तेच ते, लांबलचक.

"बास, दादा," हरिबा म्हणाले. "पुना बोलू नगंस. ऐकलंय म्या."